पूर्वाभिमुख इंजिन

रानातली हरळी खणून काढता काढता शेतकऱ्याच्या पिढ्यांची कंबर मोडते. सुभेदार हंबीररावांनी मात्र लढाई संपवून घरी आल्याबरोबर दारापुढचा ज्वारीचा तुकडा मोडला आणि त्यात मुद्दाम हरळी लावली. नुसती लावली नाही, तर तिला मोटेचं पाणी पाजलं. लोणंदच्या बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून ते बघायला येत आणि बांधावर उभी राहून एकमेकांकडं बघत.

"आवं, लोक हसत्यात," त्यांची बायको चंद्राबाई म्हणायची.

"हसू द्या. देवळालीला गोऱ्या सायबांच्या मेसपुढं असंच लॉन हुतं. सारखं कापलेलं, पट्टंच्या पट्टं. तितं पाय ठिवायचा जीव व्हायचा न्हाई बघ. वाटायचं, बूट काढावंत आन् हात जोडावंत." हे सांगताना सुभेदारांचा आवाज आपोआप खाली यायचा. रणगाडे बघून न बदललेला त्यांचा आवाज गवतापुढं मऊ व्हायचा, हे चंद्राबाईंना कधीच उमगलं नाही.

"मग माजी म्हस सोडा की त्यात. एका दिसात सारखं करून दील."

"म्हस? लॉनवर म्हस?" सुभेदारांनी त्याच दिवशी लॉनभोवती बाभळीच्या फेसाटीचं कुंपण घातलं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांच्या लेकीला, शालूला बघायला येणारं एक स्थळ वेशीतूनच परत गेलं. दुसऱ्यानं मध्यस्थाकडून निरोप धाडला, "लेक चांगली असंल, पर बाप हरळी पेरतोय म्हनं. घरात येडेपनाची साथ असली तर कसं करायचं?" चंद्राबाईंच्या डोळ्यांना पदर लागला. आता तिसरं स्थळ सांगलीकडचं होतं. मुलाचे वडील नानासो स्वतः दसऱ्याला येणार होते. हेही मागं फिरलं, तर शालूचं लग्न गावात कायमचा चेष्टेचा विषय होणार होतं.

"त्यास्नी लॉन दावतो," सुभेदार म्हणाले. "एकदा कापलेलं बघितलं की येडा कोन आन् शाना कोन ते कळंल."

कापायला मशीनही होतं. छावणीतल्या लिलावात त्यांनी ते घेतलं होतं. पुढं पात्यांचा फिरता ढोल, मागं जड लोखंडी रूळ, आणि त्याच्या मागं दोन मुठींचा दांडा. दांडा धरून माणसानं नुसतं त्याच्या मागनं चालायचं, मशीन आपल्या पायांनी पुढं जातं. अडचण एकच होती. लोणंद स्टेशनापासून घरापर्यंत बैलगाडीत येताना त्याचं इंजिन असं काही आपटलं, की त्याची उभी दोन शकलं झाली.

गुऱ्हाळाची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या आकाराम लोहारानं ते तपासलं आणि पागोटं काढून हातात घेतलं. "गेलं, सुभेदार. दुसरं बसवाय लागंल."

दुसरंही लष्करीच मिळालं, एका फटफटीचं. मशीनचं जुनं इंजिन नारळाएवढं होतं. हे चांगलं भोपळ्याएवढं. खंडेनवमीच्या सकाळी आकारामनं ते ओसरीपुढं पोत्यावर ठेवलं तेव्हा सगळी आळी गोळा झाली. त्याच्या अंगावरच्या त्या ओळीत कापलेल्या पातळ पातळ लोखंडी चकत्या, तो चकाकणारा पितळी नळ, आणि आत कुठंतरी झोपलेली ती ताकद. एका म्हाताऱ्यानं लांबूनच नमस्कार केला.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा सण. नांगर, कोयते, सुभेदारांची तलवार, सगळं मांडून झालं होतं. पूजेचा मान सुभेदारांच्या आत्याबाईंचा, बनुबाईंचा. त्यांनी हळदीकुंकवाचं ताट आणलं, इंजिनाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्याचं तोंड कंचं?"

आकाराम गडबडला. आजवर त्याला इंजिनाचं पोट, नळी, कान सगळं ठाऊक होतं. तोंड कुणी विचारलं नव्हतं. पितळी नळाची बाजू त्यातल्या त्यात चेहऱ्यासारखी दिसत होती. त्यानं तिकडं बोट केलं.

"मग हे बसनार कसं?"

"मशीनचं तोंड फाटकाकडं, तवा ह्याचं बी तोंड फाटकाकडं. म्हंजी मावळतीला."

"मावळतीला?" बनुबाईंनी ताट खाली ठेवलं. "नवी जागा, नवी बसवनूक, आन् तोंड मावळतीला? म्या न्हाई पूजा करनार."

"आत्ती, आगं ते इंजिन हाय," सुभेदार म्हणाले.

"आन् तू सुभेदार हाईस. म्हनून काय सूर्याकडं पाठ करून बसतोस?"

"मग सगळं मशीनच फिरवू," आकारामनं तोड काढली.

पण आता सुभेदार ताठ झाले. "न्हाई. पाव्हनं फाटकातनं येनार. मशीन त्यांच्याकडं तोंड करूनच हुबं ऱ्हानार. पाव्हन्यास्नी पाठ दावायची आमच्यात रीत न्हाई."

दोघंही एकाच घराण्यातली. मागं कोण सरणार? शेवटी आकारामनं दोन्ही हुकूम पाळले. मशीन मावळतीलाच ठेवलं आणि इंजिन तेवढं उलटं फिरवून उगवतीला बसवलं. साखळीचं दातेरी चक्र या बाजूचं त्या बाजूला नेलं, बोल्ट आवळले. सगळं नीट बसलं. आकारामला स्वतःच्याच हाताचं नवल वाटलं. बनुबाईंनी पितळी नळावर कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत, म्हणून मशीन चालवून बघायचा प्रश्नच आला नाही.

दसऱ्याला नानासो आले. अंगानं आडवे, बोलायला मोजके. त्यांनी फाटकातून आत पाऊल टाकताना हरळीकडं बघितलं, सुभेदारांकडं बघितलं आणि काही न बोलता ओसरीवर जाऊन बसले. चंद्राबाईंनी दाराच्या फटीतून ती नजर ओळखली. बांधावर उभं राहून बघणाऱ्या माणसांची नजर अशीच असायची.

"पोरगी मागनं बघा," सुभेदार म्हणाले, "आदी हे बघा."

त्यांनी दांडा धरला. त्यांच्या मागं ओसरी, समोर लॉन, पलीकडं फाटक. आकारामनं पुढं जाऊन लाथ मारली. इंजिनानं एकदा खाकरलं, आणि मग जो आवाज झाला, त्यानं पिंपळावरचे सगळे कावळे उठले. कुंपणाबाहेरची गर्दी एका दमात मागं सरकली आणि तशीच पुढं आली. जमीन थरथरत होती. झेंडूचा हार इंजिनावर नाचत होता. आकारामनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, क्लचची कळ ओढली आणि बाजूला झाला.

मशीन निघालं. पण फाटकाकडं नाही, सुभेदारांकडं.

इंजिन उलटं बसलं, की रूळही उलटा फिरणार, हा साधा हिशेब तोवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता. सुभेदारांच्या डोक्यात तो दांडा पोटात बसल्याबरोबर आला. ते एक पाऊल मागं सरले, मशीन एक पाऊल पुढं आलं. दांडा सोडावा, तर मशीन सरळ ओसरीवर, नानासोंच्या मांडीवर. पेट्रोलची चावी बंद करावी, तर ती हाताशी नव्हतीच. कळ आणि चावी दोन्ही इंजिनाच्या पाठीला होत्या, त्या इंजिनाबरोबर फिरून पलीकडच्या अंगाला गेल्या होत्या. सुभेदारांनी सगळं वजन टाकून दांडा वळवला आणि ओसरीला हातभर अंतर ठेवून उलट्या पावलांनी लॉनवर निघाले.

"बसा, बसा," नानासोंपुढून जाताना ते म्हणाले. "आलोच."

आणि ते गोल फिरून खरंच आले. पुन्हा गेले.

गंमत अशी, की ह्यात काही चुकतंय असं कुणालाही वाटत नव्हतं. गवत कापायचं मशीन आजवर बघितलं होतं कुणी? माणूस पुढं, तोही उलटा, आणि मागून मशीन त्याला रेटतंय, ही विलायती रीतच असणार. "लय अवघड काम हाय गड्या," कुणीतरी पुटपुटलं. "म्हनून तर सुभेदार केलं त्यास्नी." नानासो केव्हाच उठून उभे राहिले होते आणि त्यांनी टोपी काढली होती.

"आकाराम! चावी!" सुभेदार ओरडले. त्या गडगडाटात आकारामला फक्त त्यांचं हलणारं तोंड दिसलं. आपलं कौतुकच चाललंय असं समजून त्यानं भरल्या डोळ्यांनी हात जोडले.

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. सुभेदारांचा फेटा सुटून गळ्यात आला. एका वळणाला रूळ कुंपणावर चढला, फेसाटी आडवी झाली आणि पलीकडं गोठ्यातल्या म्हशीनं घाबरून दावं तोडलं. तरीही सुभेदारांनी मुठी सोडल्या नाहीत की पाठ फिरवली नाही. हात सुटला तर शालूची सोयरीकही सुटली, एवढं एकच त्यांना कळत होतं.

काहीतरी बिघडलंय, हे पहिल्यांदा बनुबाईंना कळलं. भाच्याचा चेहरा त्यांनी पाळण्यापासून बघितलेला. त्या पूजेचा तांब्या घेऊन तुरुतुरु खाली उतरल्या. मशीनच्या पुढच्या अंगाला गेल्या आणि त्याला दरडावून म्हणाल्या, "बसवलं म्या, उठवनार बी मीच. पुरं कर आता!" आणि त्यांनी अख्खा तांब्या इंजिनावर रिकामा केला.

चुर्र झालं. वाफेचा एक लोट उठला, इंजिन दोनदा उचकलं आणि गप्प झालं.

मग सगळी गर्दी एकदम वाकली. इंजिनाला की बनुबाईंना, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

नानासो सावकाश खाली आले. त्यांनी वाकून गवत निरखलं. रुळाखाली ते पट्ट्यापट्ट्यांनी झोपलं होतं; पातीही उलटीच फिरल्यामुळं कापली गेली नव्हती एक काडीसुद्धा. सुभेदारांनी मान खाली घातली.

"सुभेदार," नानासो म्हणाले, "गवतातलं मला कळत न्हाई. पर एवढी ताकद अंगावर चालून आली, तुमी पाठ दावली न्हाई आन् धरल्यालं सोडलं न्हाई. त्या घरातली लेक आमाला पायजे. फकस्त एक अट हाय."

दाराआड चंद्राबाईंनी फटीला कान लावला.

"हे मशीन आंदन म्हनून धाडायचं न्हाई."

मग काय विचारता! शालूला बाहेर बोलावलं, ओटी भरली, सोनं वाटलं, पुरणपोळीच्या पंगती उठल्या. जेवणं उरकून, पान खाऊन मंडळी उन्हं कलताना पुन्हा ओसरीवर आली आणि सुभेदार उंबऱ्यातच थांबले.

समोर लॉन होतं. कुठं उंच नाही, कुठं खुजं नाही. कलत्या उन्हात ते एकसारखं, मऊ, हिरवंगार पसरलं होतं. अगदी देवळालीच्या मेसपुढचं. त्यांनी नकळत पायताणं काढली. मोडलेल्या कुंपणातून आत शिरलेली चंद्राबाईंची म्हैस शेवटचा कोपरा सारखा करत होती. तिला ना पेट्रोल लागत होतं, ना लाथ.

"बघ," बनुबाई समाधानानं म्हणाल्या, "तोंड कुनीकडं हाय."

म्हैस उगवतीकडं तोंड करून चरत होती.

नानासो सुभेदारांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पाव्हनं, आंदनाचं म्हनाल तर ही म्हस धाडली तर आमी न्हाई म्हननार न्हाई."

उत्तर दाराआडून आलं. एवढा वेळ पदराआड असलेल्या चंद्राबाई पहिल्यांदाच विहिणीच्या आवाजात बोलल्या.

"म्हस मिळायची न्हाई. मशीन न्या."