पुंजाला हाक कोण मारणार

पुंजा खोड्यानं मनात आणलं ते एवढंच, की नातवाला आपलं नाव ठेवायचं. जमीन मागितली नव्हती, काशीयात्रा मागितली नव्हती. नाव मागितलं. तेही साठ वर्षं वापरून मऊ झालेलं. पण घरात असा गहजब उठला, जणू त्यानं पोराला विहिरीत टाका म्हटलं.

साल अठ्ठ्याण्णव. मखमलाबादच्या बाजूला म्हाताऱ्याचा मळा, त्यात मेथी-कोथिंबीर. पोरगा वाल्मीक सातपूरच्या कारखान्यात कामाला. सून दीपमाला नाशिकरोडची, बारावी झालेली. तिनं पोर पोटात असतानाच नाव काढून ठेवलेलं, रोहित.

"रोयत," पुंजानं म्हणून पाहिलं.

"रोयत नाही बाबा. रोहित."

"तेच म्हन्लो ना मी. रोयत."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं ते इथं. ज्या नातवाला हाक मारायला आधी सुनेकडं शिकवणी लावायची, तो नातू कसला? अन् रोहित काय कमी होते तेव्हा? मारुतीच्या पारावर उभं राहून एकदा रोहित म्हणा, चार पोरं धावत यायची, पाचवं कुत्रं. (कुत्र्याचं नावही तेच असेल. कुणी विचारलं नाही.)

"माझ्या नावात काय वाईट हाय?" पुंजानं विचारलं.

वाल्मीकनं मोटरसायकल पुसायला घेतली. शेवटी दीपमालाच म्हणाली, "बाबा, पुंजा म्हणजे केर. झाडून बाहेर टाकतात तो."

खोटं बोलली नाही बाई. पुंजाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा आईनं त्याला केराच्या ढिगावर ठेवला, शेजारणीनं उचलून परत दिला, अन् नाव पडलं पुंजा. केर कोण चोरतंय? यमसुद्धा हात लावत नाही.

"त्या केरानंच मला जगवलं," पुंजा म्हणाला. "तुझ्या रोयतनं किती जगवले ते सांग."

बायको नवसाबाई लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जित्या मानसाचं नाव ठेवत्यात का कुठं? आधी मानूस जातं, मंग नाव येतं."

"मंग बारशाच्या आधी मरू का?"

"तसं कुठं म्हन्ले. बुधवारी बारसं हाय, घाईच व्हईल."

म्हाताऱ्याला हे लागलं. आपण गेल्यावर ही माणसं नाव ठेवणार? छे. तिरडीबरोबर नावही घाटावर पोचवतील अन् हात धुऊन चहा पितील. बघायचं तर जितेपणीच बघायचं.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे पुंजाचीच लेक सगुणाबाई, निफाडला दिलेली. म्हाताऱ्यानं एस्टी धरली अन् लेकीला येवल्याची पैठणी कबूल करून आला. (बायकोला जन्मात घेतली नव्हती. नवसाबाईला ते नंतर कळलं, ते निराळं रामायण.)

बुधवारी सगुणाबाई पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं अन् खणखणीत म्हणाली, "पुंजा." रिवाजाप्रमाणं बायका आत्याच्या पाठीत लटके बुक्के घालतात. दीपमालाचा बुक्का लटका नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हातारा वाल्मीकच्या मोटरसायकलवर मागं बसून गेला अन् जन्मदाखल्यावर नाव चढवूनच आला. जिंकला होता. घरात येतो तर पाळण्यापाशी दीपमाला म्हणत होती, "उगी रे पिंट्या."

"पिंट्या कोन?" पुंजा गरजला.

"मग काय म्हणू बाबा? सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घेऊ?"

म्हाताऱ्यानं बायकोकडं पाहिलं. नवसाबाईनं चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. आता दुपटं बदलताना दर वेळी उखाणा कुठून आणायचा? राहिला वाल्मीक.

"बापाचं नाव घिऊन 'मुतला का रे' म्हनू?" वाल्मीक म्हणाला. "जीभ झडंल माझी."

"तुमचा मान राखतोय बाबा," दीपमाला पदर सावरत म्हणाली. तिच्या तोंडावर मान कमी अन् समाधान जास्त होतं.

तुम्हीच सांगा, मान देऊन मारलं तर माणसानं फिर्याद कुठं करायची?

मग म्हातारा एकटाच हाका मारू लागला. "पुंजा, खाली उतर. पुंजा, लय माजला तू. पुंजा, आता फोकानं झोडपीन." पोरगं ढुंकून बघायचं नाही. रस्त्यानं जाणारी माणसं मात्र थांबायची. गेणू न्हाव्यानं तर गावभर केलं, की पुंजाभाऊ हल्ली स्वतःलाच शिव्या देतो, मेथीला भाव नसंल.

अशी पाच वर्षं काढली गड्यानं, एका आशेवर. शाळा. तिथं कुणाचा सासरा नाही, कुणाचा बाप नाही. कागदावर आहे ते बाईंना म्हणावंच लागेल.

पहिल्या दिवशी नातवाला घेऊन तो स्वतः गेला अन् धोतराचा सोगा धरून वर्गाच्या दारात उभा राहिला. बाईंनी हजेरी घेतली. रोहित, हजर. रोहित, हजर. तिसरा रोहित, तोही हजर. मग बाई म्हणाल्या, "पुंजा वाल्मीक खोडे."

पोरगं खिडकीतल्या कावळ्याकडं बघत होतं.

"पुंजा," बाई पुन्हा म्हणाल्या. सावकाश, मायेनं. पासष्ट वर्षांत ते नाव असं कुणी उच्चारलं नव्हतं, घरातल्या बाईनं तर नाहीच नाही. म्हाताऱ्याचा हात आपसूक वर गेला.

"हजर."

सगळा वर्ग मागं वळला. तेव्हा कुठं पोरगं उभं राहिलं, अन् आज्याकडं बोट करून म्हणालं, "बाई, पुंजा ते हायेत. मी पिंट्या."

बाईंनी आधी रजिस्टर पाहिलं, मग म्हाताऱ्याला. "आजोबा," त्या म्हणाल्या, "सही करायला आलात का शिकायला?"

सहीचं नाव निघताच म्हाताऱ्यानं अंगठा धोतरात लपवला अन् जो निघाला तो थेट घरी.

पण पोराच्या जातीला पोटात काही राहतं का? दुपारी येऊन त्यानं सगळं ओकलं. नवसाबाई हसली नाही. लसूण सोलता सोलता एवढंच म्हणाली, "मंग उद्यापास्नं डबे दोन करू का, आवो?"