बंडोपंतांची जप्ती

बाळांनो, मोबाइल खाली ठेवा आणि नीट बसा. ज्या बाळांचे गुडघे दुखतात, त्यांनी खुर्ची घेतली तरी चालेल.

एका जंगलाच्या अगदी कडेला, जिथे झाडं संपून माळ सुरू होतो, तिथे अस्वलांचं एक जोडपं राहायचं. त्याचं नाव भिकोबा आणि तिचं तानूबाई. त्यांच्याजवळ एक कुत्रा होता. तरुणपणी सगळे त्याला बंड्या म्हणत. मग त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले, एका डोळ्यात मोतीबिंदू आला, आणि बंड्याचा बंडोपंत झाला.

तिघांचं विशेष काही चालायचं नाही. सकाळी बंडोपंतांना फिरवून आणायचं. ते प्रत्येक झुडूप हुंगायचे. हुंगलेलं विसरून पुन्हा हुंगायचे. परत यायला दुपार व्हायची. मग जेवण. मग आभाळाकडे बघत ओसरीवर बसणं.

"आज वारा फिरलाय," भिकोबा म्हणायचा.

"फिरू दे की," तानूबाई म्हणायची.

एवढ्यावर त्यांची संध्याकाळ छान जायची.

आता झालं काय, की सिंहमहाराजांना कुणीतरी सांगितलं, प्रजा कृतज्ञ असली की तक्रारी कमी येतात. महाराजांना हे फारच आवडलं. त्यांनी मोराला लगेच आभाराचार्य नेमलं. रोज सकाळी सगळ्यांनी मैदानात जमायचं, मोरानं पिसारा फुलवायचा, आणि मग आपल्याकडे जे काही असेल त्याचे मोठ्यानं आभार मानायचे. हरणं गवताचे आभार मानू लागली, माकडं फांद्यांचे. ससे, आपल्याला अजून कुणी खाल्लं नाही याचे. वाघ शेजारीच उभा असल्यामुळे ते फार मनापासून मानत.

आणि नियम असा, की ज्या गोष्टीचे आभार मानले नाहीत, ती जप्त.

भिकोबा आणि तानूबाई मैदानात एकदाही गेले नाहीत. सकाळी त्यांना वेळच नसायचा. शेवटी एका दुपारी जप्ती अधिकारी कोल्हेसाहेब दोरी घेऊन त्यांच्या ओसरीवर आले.

"हा कुत्रा तुमचाच ना?"

"आम्ही त्याचे," भिकोबा म्हणाला. "बसा ना साहेब."

"बसायला आलो नाही. याच्याबद्दल तुम्ही कृतज्ञ नाही, अशी तक्रार आहे. याला नदीपलीकडच्या वृद्ध श्वान कल्याण केंद्रात जमा करायचंय."

तानूबाईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"अहो साहेब, आमच्याशिवाय त्याला झोप लागत नाही हो. ते कृतज्ञ की काय, ते कसं व्हायचं तेवढं सांगा. आत्ता होतो."

कोल्हेसाहेबांना जरा वाईट वाटलं. "सोपं आहे. डोळे मिटायचे आणि आपल्या कुत्र्याचा विचार करायचा."

"डोळे मिटले तर हा पायरीवरून पडतो," तानूबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं बंडोपंतांना मागे ओढलं. ते खरंच पडत होते.

एवढ्यात हवा पालटली. ऊन गेलं, आभाळ काळं झालं आणि ताडताड गारा पडू लागल्या. कोल्हेसाहेब घरात पळाले. तानूबाईनं त्यांच्यापुढे भाजलेलं रताळं ठेवलं. बंडोपंत हळूहळू आले, साहेबांच्या शेपटीवर डोकं टेकून घोरू लागले.

साहेबांना शेपूट काढून घेववेना. त्यांना टेकून कुणी झोपल्याला किती वर्षं झाली होती! जप्ती अधिकाऱ्याजवळ कोण झोपणार?

बाहेर ढग गडगडले. बंडोपंतांना पत्ता नव्हता. गारा थांबल्या, लख्ख ऊन पडलं, पाखरं बोलू लागली. तेव्हा कुठे बंडोपंत ताडकन उठले. म्हणजे त्यांच्या मानानं ताडकन. दारात गेले आणि निळ्याभोर आभाळावर जोरात भुंकले.

"शाब्बास, पंत!" भिकोबा ओरडला. "पळवलंत वादळाला!"

"दर वेळी पळवतात," तानूबाईनं साहेबांना अभिमानानं सांगितलं.

साहेब हसले. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी बंडोपंतांच्या गळ्यात दोरी बांधली. भिकोबानं मान फिरवली. तानूबाईनं पदर तोंडाला लावला.

बंडोपंतांना मात्र वाटलं, आज पुन्हा फिरायला! ते शेपूट हलवत निघाले आणि पहिल्याच झुडपापाशी थांबले. साहेबांनी दोरी ओढून पाहिली. बंडोपंतांनी मान वळवून त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की साहेबांनी ती सैल सोडली.

"त्यांना घाई केलेली चालत नाही," मागून आलेली तानूबाई म्हणाली. दोघांनाही घरात राहवलं नव्हतं.

चौघं हळूहळू चालत राहिले. ओल्या मातीचा वास होता. झाडांवरून गारांचं पाणी ठिबकत होतं. साहेबांनीही एक झुडूप हुंगून पाहिलं. जांभळाच्या झाडापर्यंत पोचेपर्यंत ऊन कललं.

"केंद्र आता बंद झालं असणार," साहेब म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. पुन्हा दोरी, पुन्हा झुडपं, पुन्हा जांभूळ, पुन्हा उद्या. धुकं पडलं तेव्हा ते कानटोपी घालून आले. उन्हं तापली तेव्हा बंडोपंतांसाठी पाणी घेऊन आले. नदी अजून लांबच आहे.

मधे एकदा सिंहमहाराजांनी विचारलं, "कोल्हे, त्या कुत्र्याचं काय झालं?"

"जप्ती चालू आहे, महाराज. रोज जातीनं जातो."

महाराज खूश झाले. त्यांच्या राज्यात रोज चालू असलेलं हे एकच सरकारी काम होतं. त्यांनी साहेबांना बढती द्यायचं ठरवलं. साहेबांनी हात जोडून ती नाकारली. त्यांना म्हणे सकाळी अजिबात वेळ नसतो.

तात्पर्य: बाळांनो, आभार नेहमी ठरलेल्या वेळी, मैदानात जाऊन, मोठ्यानं मानून मोकळं व्हावं. नाहीतर ते दिवसभर घरीच मानत बसावं लागतं, आणि मग माणूस दुसऱ्या कुठल्याच कामाचा राहत नाही.