गुप्तकाकांची हरवलेली काच

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर समजायचं की मीच तिला जाऊ दिलं, तिच्या टोळीपर्यंत पोहोचता यावं म्हणून."

गुप्तकाका स्वतःबद्दल हे रोज एकदा तरी म्हणत. समोर कुणी नसलं, तर भिंतीवरच्या आपल्याच फोटोला सांगत. फोटोत त्यांच्या हाती भिंग, एक डोळा बारीक, भुवई वर. पोटापाण्यासाठी ते एका कचेरीत टपालावर शिक्के मारत, पण तो म्हणे वेश होता. कचेरीच्या दिवशी डोक्यावर टोपी असे. सुट्टीच्या दिवशी मात्र ते फोटोच्या लखलखीत काचेत बघून भांग पाडत.

रविवारी सकाळी त्यांनी कंगवा उचलला आणि किंचाळले, "वहिनी! माझं प्रतिबिंब चोरीला गेलं!"

वहिनींच्या हातातला पेला हिंदकळला. वहिनी म्हणजे काकांच्या मोठ्या भावाची बायको, पाच वर्षांच्या टिकलीची आई, आणि दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून काकांची मदतनीस. शिवाय ती काच त्यांनीच काढली होती.

कारण गोल्या. फोटोखालच्या टाकीत टिकलीचे तीन मासे होते. दोघांनी बाहेर उड्या मारल्या आणि ते सकाळी वहिनींना कपाटामागे वाळलेले सापडले. टिकलीला त्यांनी सांगून टाकलं, ते आजोळी गेलेत. सुरुवातीला टिकली विचारायची, "आजोळी पाणी आहे ना?" मग तिने विचारणंच सोडलं, आणि त्याचीच वहिनींना जास्त धास्ती वाटू लागली. उरला एकटा गोल्या. त्यालाही आजोळी धाडायची वेळ आली, तर टिकलीकडे बघायचं कुठल्या तोंडाने?

टाकी जुनी, कुणाकडून तरी आलेली. तिच्या मापाचं झाकण दुकानात मिळेना. शुक्रवारी रात्री वहिनींची नजर वर फोटोकडे गेली. त्यांनी वितीने मापलं. रुंदी हुबेहूब, लांबी चार बोटं जास्त. टिकलीही झोपलेली, काकाही. वहिनींनी काच उतरवली, पट्टी धरून काच कापायच्या कटरने एकच रेघ ओढली, खाली पेन्सिल ठेवून दोन्हीकडून दाबलं. टक्! हवेची नळी आत जावी म्हणून एक कोपरा तिरपा उडवला. कडा ओल्या पॉलिश पेपरने घासल्या. मग टिकलीचं बोट आठवलं, पुन्हा घासल्या. मग टिकलीची जीभ आठवली, आणखी एकदा घासल्या. मूठ म्हणून टिकलीच्या जुन्या दुधाच्या बाटलीचं निळं झाकण सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवलं. फोटो बिनकाचेचा परत टांगला. काका उठले की सांगू, असं ठरलं होतं. काका उठले आणि वहिनींचा धीर झोपला.

"कुणी कशाला हात लावायचा नाही!" काका गरजले आणि सगळीकडे हात लावत सुटले. फोटोशी जाऊन त्यांनी नाक फेंदारलं. "आंबट वास! आम्ल! चोराने काच विरघळवली!"

सिलिकॉनचा तो आंबट वास अजून गेला नव्हता. वहिनींनी गुपचूप खिडकी उघडली.

"काच विरघळली, मग फोटो कसा राहिला?" वर्तमानपत्रामागून दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, विचारलं.

"फोटो माझा आहे, दादा. तो असा कशानेही विरघळणार नाही." काकांनी सवयीने निळी मूठ धरून टाकीचं झाकण उचललं, गोल्याला चिमूटभर खाणं टाकलं, झाकण जागेवर ठेवलं. "टीव्ही आहे, पाकीट आहे, फक्त काच नाही. का? तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे होते. परदेशातून हुकूम असणार."

"परदेशात तुझ्या ठशांचं काय करतील?"

"हा प्रश्न विचारायची तुला एवढी घाई का, दादा?" काकांचा डोळा बारीक झाला. "तुझा एकही फोटो भिंतीवर नाही. मत्सर! वहिनी, संशयित सापडला. अरे, तुमच्या बोटाला पट्टी?"

वहिनींनी हात पदराखाली घेतला.

"काकडी चिरताना कापलं. बरोबर ना? बघितलंत, काही सुटत नाही!"

"काकडीच कशावरून?"

"मग तुम्ही दुसरं काय कापणार?"

खरं तर वहिनींनी सुटकेचा श्वास टाकायचा. पण त्यांच्या मस्तकात सणक गेली. एवढी सरळ रेघ या घरात आजवर कुणी ओढली होती?

"भाऊजी, काच मी काढली. मीच कापली."

काकांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "नवऱ्याला पाठीशी घालताय. अहो, काच कापायला हात स्थिर लागतो. तुम्ही तर टिकली शिंकली की थर्मामीटर शोधता."

"अगं, मी खरंच काही केलंय का?" दादांनी काळजीने बायकोला विचारलं.

"ठसे घेऊ, म्हणजे कळेल," काका म्हणाले. सपाट वस्तू हवी म्हणून त्यांनी टाकीचं झाकण उचललं, मूठ खाली करून तळहातावर तोललं आणि वर तोंडाला लावायची पावडर भुरभुरली. "ठेव अंगठा."

"भाऊजी, आधी झाकण..."

पाणी उसळलं. गोल्या हवेत उडाला आणि थपकन पावडरीवर आदळला. वहिनींनी ओंजळ घातली, तो पुन्हा पाण्यात गेला. काचेवर त्याच्या शेपटीचा ठसा स्पष्ट उमटला होता.

"हा कुणाचा?" काकांनी विचारलं.

"झाकण ठेवा ना, काका!" दाराशी आलेली टिकली ओरडली. "नाहीतर तोपण मरेल!"

वहिनींचे ओले हात तसेच राहिले. "टिकले... आजोळी..."

"कुणी नाही गेलं आजोळी. मी कपाटामागे बघितलं होतं. तू रडशील म्हणून बोलले नाही." मग ती काकांकडे वळली. "आणि ती तुमचीच काच आहे. आईने कापली. मी पांघरुणातून बघत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही फोटोलाच विचारत होतात."

वहिनींनी टिकलीला जवळ ओढलं, मग झाकण स्वच्छ पुसून काकांपुढे धरलं. काकांना त्यात ओळखीचा चेहरा दिसला. त्यांनी सवयीने केस सारखे केले.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं. कबुलीसाठी तुम्हाला वेळ देत होतो."

"मी दिली होती कबुली, भाऊजी."

"घाईतली कबुली मी धरत नाही."

आता रविवारी काका टाकीवर वाकून भांग पाडतात. खालून गोल्या तोंड उघडतो, मिटतो. काका म्हणतात, साक्षीदार अजून दबावाखाली आहे. वहिनी झाकण नीट बसलंय का बघतात, आणि तरीही एकदा कपाटामागे डोकावतात. दुसऱ्या बाजूने टिकली डोकावलेली असते. दोघी एकमेकींकडे बघून मान हलवतात: काही नाही.