काचेतला इलाज

कडूबाईंनी दंडाला गुंडाळलेला बीपीचा पट्टा स्वतःच सोडला, त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिली.

"ह्ये न्हाय," त्या म्हणाल्या. "ते काचंतलं लाव."

डॉ. श्रीनाथने डोळे मिटून घेतले. 'ते काचंतलं' हे शब्द तो आता झोपेतही ऐकत असे.

या सगळ्याला कारण त्याची बायको अर्पिता. लोहाऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्याला नवा रंग दिला, नव्या खुर्च्या आल्या, तेव्हा तिला माळ्यावर सासऱ्यांच्या वेळची ट्रंक सापडली. तेही डॉक्टरच होते. ट्रंकेत काचेची सिरिंज होती, ती उकळायची स्टीलची डबी होती, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा लाकडी कर्णा होता आणि पाऱ्यावरचं बीपीचं यंत्रही होतं. अर्पिताने कुठेतरी वाचलं होतं की अशा जुन्या वस्तू बघत बसलं की आजारी माणसाचं मन शांत होतं, त्याला निम्मं बरं तिथेच वाटतं. तिने पेशंट बसतात तिथे काचेचं कपाट करून घेतलं, आत दिवा लावला, बाहेर कुलूप लावलं आणि वर पाटी लिहिली, 'हात लावू नये.'

पेशंटांची मनं शांत झाली की नाही ते देव जाणे, डॉक्टरचं मात्र डोकं उठलं.

पहिली ठिणगी पडली ती बाबामियाँ टेलरमुळे. कंबर धरून ते आत आले आणि इंजेक्शनची तयारी बघून मागे सरकले.

"डॉक्टरसाब, ही प्लॅस्टिकची नको. ती कपाटातली टोचा."

"चाचा, ती जुनी आहे. पूर्वी ती एकच सुई उकळून उकळून अख्ख्या गावाला टोचायचे."

"अख्ख्या गावाला पुरली?" बाबामियाँ कौतुकाने म्हणाले. "मग किती नामी चीज असंल ती. आन आमाला तुमी एकदा वापरून फेकायची टोचता."

श्रीनाथने जंतू, संसर्ग, कावीळ असं सगळं समजावून सांगितलं. बाबामियाँनी ते शांतपणे ऐकलं आणि बाहेर जाऊन बाकावरच्या मंडळींना सांगितलं की चांगला माल डॉक्टर कुलपात ठेवतो.

आता यात लोकांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे कुठल्याही घरात जा. सोनेरी काठाच्या कपबशा काचेच्या कपाटात असतात आणि घरची माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात. चांगली वस्तू पाव्हण्यांसाठी असते. दवाखान्यालाही तोच नियम लागू होणार हे अर्पिताच्या लक्षात यायला हवं होतं, पण नाही आलं.

त्यातच धाराशिवहून श्रीनाथचा कॉलेजमधला मित्र भेटायला आला. तो सरकारी साहेब. पांढरी गाडी, मागे 'महाराष्ट्र शासन' अशी पाटीच. श्रीनाथने हौसेने कपाट उघडलं आणि लाकडी कर्णा त्याच्या हातात दिला. मित्राने तो गंमत म्हणून स्वतःच्या पोटाला लावून बघितला. बाकावर बसलेल्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सायबाला काचंतला इलाज मिळतो.

मग लोक वशिला आणायला लागले. कुणी सासरवाडीचं नातं सांगू लागलं, कुणी पिशवीभर शेंगा टेबलावर ठेवून हळूच कपाटाकडे बोट दाखवू लागलं. माजी सरपंचांनी तर एका सर्दीच्या पेशंटबरोबर निरोप धाडला की हा आपला माणूस आहे, याला आतलं द्यावं. श्रीनाथ ओरडून घसा बसवून घेई आणि ओरडणारा डॉक्टर काहीतरी लपवतोय याची लोकांना आणखी खात्री पटे.

हे सगळं त्याने सोसलं असतं. सोसवेना ते कडूबाईंचं. त्या दवाखान्याच्या मागच्याच घरात राहायच्या. श्रीनाथची आई आजारी होती तेव्हा त्यांनीच त्याला भाकरी करून घातली होती. त्यांचं बीपी भयंकर वाढलं होतं. परवा नळावर चक्कर येऊन पडता पडता वाचल्या, आणि तरी गोळी घेईनात. एखाद्या दिवशी त्यांची एक बाजू लुळी पडेल या भीतीने त्याला घास गोड लागत नव्हता.

"मावशी, त्या यंत्रातला पारा केव्हाच गळून गेलाय. ते रिकामं आहे," तो टेबलावरच्या घडी घातलेल्या पट्ट्याकडे बघत हात जोडून म्हणाला.

"सायबाला बरं गळंना ते," कडूबाई म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

रात्री जेवताना तो अर्पितावर सगळं खापर फोडून मोकळा झाला. तिने ऐकून घेतलं, त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मग कपाटातलं बाहेर काढ आणि बाहेरचं कपाटात ठेव. इतकं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी काचेची सिरिंज, कर्णा आणि रिकामं यंत्र टेबलावर इकडेतिकडे पडलेलं होतं. कपाटात दिव्याखाली बटणाचं बीपीचं मशीन, प्लॅस्टिकच्या सिरिंजा आणि गोळ्यांची पाकिटं चमकत होती. कडूबाईंना बोलावणं गेलं. श्रीनाथने टेबलावरचं पाऱ्याचं यंत्र उचलल्यासारखं केलं.

"ह्ये न्हाय," त्या लगेच म्हणाल्या.

त्याने दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला, खिशातून किल्ली काढली. "कुणाला सांगू नका," म्हणत त्याने कुलूप उघडलं. कडूबाईंनी खुशीत दंड पुढे केला. गोळ्या त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या. त्या दिवशी श्रीनाथला कित्येक दिवसांनी जेवण गेलं.

महिना उलटल्यावर त्या परत आल्या. त्याने हसत हसत पट्टा बांधला. आकडा बघून त्याचं हसू गेलं. बीपी होतं तिथेच होतं, उलट थोडं वरच.

"मावशी, गोळ्या घेताय ना?"

"घेतली की. पयल्याच गोळीनं लई गुण आला."

"आणि बाकीच्या?"

"ठिवल्यात. काचंच्या कपाटात, कपबशांच्या मागं. कुलूप लावलंय." त्यांनी गळ्यातली किल्ली दाखवली.

"अहो, रोज एक घ्यायची होती."

"येवढी भारी गोळी रोज खायची असती व्हय?" कडूबाई त्याच्याकडे कीव केल्यासारख्या बघू लागल्या. "दिवाळीला जावई येणार हाय. त्याला बी गरगरतंय म्हणं."

श्रीनाथच्या कानशिलात ठणके सुरू झाले. त्याने त्यांच्या दंडाचा पट्टा सोडला, स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. आकडे वर चढत गेले. कडूबाईंना आकडे कळत नव्हते, पण त्याचा चेहरा त्यांना लहानपणापासून वाचता येत होता. त्या उठल्या आणि पदर खोचला.

"बस गप," त्या म्हणाल्या. "त्यातल्या दोन आणून देते तुला. तू काय परका हाईस व्हय?"