कमी व्होल्टचे संपतभाऊ

संपतभाऊंच्या घरी गेलं की चहाआधी त्यांच्या कॉम्प्युटरवर हात ठेवावा लागतो, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "गार हाय ना?" ते विचारतात. आपण "हो" म्हटल्याशिवाय गॅस पेटत नाही.

तळेगावातले हे माझे शेजारी. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. मुलगा परदेशी गेला, त्याचा खेळांचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्यावर भाऊ ट्रक चालवायचा खेळ खेळतात. पण त्यांचा खरा जीव ग्राफिक्स कार्डात, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या भागात. त्याची वीज थोडी थोडी उतरवायची आणि वेग मात्र चढवत न्यायचा, हा त्यांचा उद्योग.

"कंपनीवाले भ्यात्यात, म्हणून जास्तीचं व्होल्ट देत्यात. लेकराला दाबून जेवाय घातलं, तर ते पळंल का झोपंल?"

हे तत्त्व ते सगळीकडे लावतात. एका लग्नात तिसऱ्यांदा जिलेबी घेणाऱ्या माझ्या मेव्हण्याला ते पंगतीत म्हणाले, "पाव्हणं, व्होल्ट उतरवा." मेव्हणा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

परवा दुपारी गेलो, तर पडदा अचानक काळा झाला. "उपास लय कडक झाला," म्हणत भाऊंनी तो शांतपणे पुन्हा सुरू केला आणि व्होल्ट किंचित वाढवलं.

"भाऊ, झकास पळतंय की. आता पुरे."

"पळतंय वो. पर कार्डाचा पंखा वाजतोय अजून."

"वाजेना का!"

तेवढ्यात त्यांनी कान टवकारले. "आलो गं!" म्हणून आत गेले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. शालनवहिनी अर्धांगवायू झाल्यापासून आतल्या खोलीत पडून असतात. आवाज अगदी बारीक झालाय. त्यांना पाणी पाजून भाऊ परतले.

"मागं एकदा पाण्यासाठी हाका मारीत हुती. ह्या पंख्यात मला ऐकूच आलं न्हाई. रडत हुती."

"मग खेळ बंदच ठेवा ना."

"तीच ठिवू देत न्हाई."

त्यांनी व्होल्टचा आकडा पुन्हा जुळवला. कार्ड गार पडलं तशी पंख्याची घरघर हळूहळू मंदावली, मग थांबलीच. पडद्यावर कुठल्याशा देशातला बर्फाळ रस्ता होता. भाऊंनी ट्रक पुढे हाकला आणि आतल्या दाराकडे मान वळवली.

"कान्हे फाटा गेला गं! कामशेतातनं आत वळलो. आता वडिवळं आलंच. भात लय झ्याक उभं हाय!"

वडिवळे म्हणजे वहिनींचं माहेर.

आतून आवाज आला. या वेळी मलाही ऐकू आला.

"सावकाश घ्या. देवळापाशी पोरं खेळत असत्यात."

त्या निर्मनुष्य बर्फात भाऊंनी ब्रेक दाबला.