मोरीतलं नरक्याचं झाड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मुरुमच्या बिराजदार सरांचं नाव घेतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही वनस्पतिशास्त्राचा, केवळ त्यांच्यामुळं. मात्र सरांकडं मुक्कामाला जाणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो, तिथं अंघोळीला साबण मिळत नाही.

कारण सरांच्या मोरीत जंगल आहे. भिंतींना ओली पोती, त्यांवर नेचे, कोपऱ्यात पिंपळी आणि मिरीचा वेल. "अंगावरचं पाणी मुळाला जातं. साबण लावायचा तर बाहेर रस्त्यावर लावा," असं सर पाहुण्यांना शांतपणे सांगतात. दिवाळसणाला आलेल्या जावयांना त्यांनी उटण्याची परवानगी दिली, पण आधी उटण्यात काय काय आहे ते विचारून घेतलं.

मोरीच्या दारावर 'औषधी झाडं' अशी पाटी लावली तेव्हा गावानं पानं ओरबाडून नेली. "मी मास्तर आहे, वैद्य न्हाय! किती द्यायचं, कुणाला द्यायचं, ते डॉक्टरला विचारा," सर ओरडायचे. शेवटी त्यांनी 'विषारी झाडं' अशी पाटी केली. दुसऱ्या दिवशी शेजारचे रेवणअप्पा वाटी घेऊन हजर. "सर, उंदरासाठी जरा द्या की. लई माजलेत."

वर्गात सर सांगायचे, "पावसाच्या जंगलात झाडाला पळता येत न्हाय. कीड आली, बुरशी आली, तर ते अंगातच विष तयार करतं. त्याच विषातून आपण नेमकं मापून औषध काढतो." असं जंगल सरांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

मग सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, कॅन्सर निघाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सुरू केलेलं इंजेक्शन नरक्याच्या झाडात सापडणाऱ्या द्रव्यावरून तयार झालेलं होतं. सह्याद्रीतलं हे झाड सर वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. ते तडक कोकणात जाऊन रोपवाटिकेतून एक रोप घेऊन आले आणि मोरीत लावलं. काकू हसायच्या, "सुई मला टोचतेत अन् पाणी ह्याला घालतेत!" औषधानं त्यांना काही बरे दिवस दिले. संध्याकाळी दोघं मोरीच्या उंबऱ्यावर बसून बोलत राहायचे. पुढं काकू गेल्या.

आता ते झाड पत्र्याला लागलं आहे. सरांनी वरचा एक पत्रा काढला, तर उन्हानं पानं करपू लागली. भर दुपारी सर स्टुलावर चढून त्याच्यावर ओलं धोतर धरतात. नातीच्या बारशालाही पुण्याला लेकीकडं गेले नाहीत. "शेंडा छाटू का, सर?" असं मी मागच्या उन्हाळ्यात विचारलं. त्यांनी धोतर पुन्हा बादलीत बुडवलं.

"तिच्या अंगात ह्याचं काहीतरी गेलं होतं रे," ते म्हणाले. "कात्री नको."

मी आता सह्याद्रीत, आंबोलीकडं एका रोपवाटिकेत नोकरी करतो. फोनवर झाडाचा विषय काढला की सर हवापाण्याचं बोलतात. म्हणून पत्र लिहिलं:

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. आमच्या रोपवाटिकेच्या मागं नरक्याची झाडं आपोआप वाढली आहेत. त्यांना कुणी पाणी घालत नाही. पाऊस धरला की मी टेम्पो आणि खोदायला माणसं घेऊन मुरुमला येतो, आपलं झाड इकडं आणू. मोरीची फरशी फोडावी लागेल, ती मी पुन्हा बसवून देईन. मुळांना माती तशीच ठेवू. शेंड्याला हात लावणार नाही. तुम्ही पुढं ड्रायव्हरजवळ बसा, मी मागं झाड धरून बसतो.

काकूंचं झाड देऊन टाकलं असं मनात आणू नका. इथं त्याला त्याच्या जातीची सोबत आहे. तुम्ही हवे तितके दिवस राहा, मग पुण्याला जा. तिथली ताई, तुमची लेक, म्हणाली, नात चालायला लागली आहे.

एवढं मोठं झाड हलवणं धोक्याचं आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत. जगलं तर कळवीन. वाळलं तरी लपवणार नाही.

तुमचा,
सुधाकर