पुंडलिकरावांची जीभ

नागपूरचा माणूस आणि झणझणीत सावजी रस्सा खात नाही, असा मी आयुष्यात एकच पाहिला. वाडीला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे पुंडलिकराव. बरं, माळकरी म्हणावं तर मटण खायचे, पण फोडी पाण्यात धुऊन. चहा बशीत ओतून ठेवायचे आणि त्यावर चांगली साय धरली की मग प्यायचे. जीभ भाजली तर क्लॅरिनेट कोण वाजवणार, हा त्यांचा सवाल.

पहिल्या पाळीला हिंगण्याच्या कारखान्यात ते लेथ चालवायचे आणि लग्नसराईत सदर बाजारातल्या एका बँडमध्ये वाजवायचे. सराव मात्र बारा महिने, आणि बहुतेक वेळा वाद्याशिवाय. कंपनीच्या बसमध्ये, दाढी करताना, भाजी निवडून घेताना तोंडातल्या तोंडात 'तु तु तु तु' चालू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोंबड्या बोलावताहेत.

हे काय चालतं, असं मी एकदा विचारायची चूक केली. तासभर सुटका झाली नाही. सार एवढंच, की फुंक अखंड चालू ठेवायची आणि जिभेच्या टोकानं वाद्याच्या तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पत्तीला नुसतं शिवायचं. आधी हळू, वेग मागून आपोआप येतो. "जोर लावला का जीभ जड होते," ते म्हणायचे. अमरावती रोडवर एखाद्या ट्रकचं इंजिन अडखळलं तरी मान हलवून सांगायचे, "याची जीभ जड हाय."

संध्याकाळी रीतसर रियाज. ठेका धरायला त्यांची मुलगी शोभा. सात वर्षांची असल्यापासून ती चमच्यानं स्टीलची वाटी वाजवत आलेली. एक जरी सूर गिळला गेला तरी ती वाटी थांबवायची आणि पुंडलिकराव निमूटपणे पुन्हा हळू सुरू करायचे. बायकोनं दोघांपुढे हात टेकले होते. तुझी वरात दारात येईल तेव्हा मीच वाजवीन, असा शब्द त्यांनी पोरीला ती फ्रॉकमध्ये असतानाच दिला होता. त्यासाठी एक चाल बसवली होती. झरझर जायची, तरी प्रत्येक सूर ज्वारीच्या दाण्यासारखा सुटा.

लग्न ठरलं आणि व्याह्यांनी एकच अट घातली. हुंडा नको, पण मुलीच्या बापानं बाजा वाजवायचा नाही, चारचौघांत बरं दिसत नाही. पुंडलिकराव हो म्हणाले. मला इतका राग आला की लग्नापर्यंत मी व्याह्यांशी बोललो नाही. अर्थात, त्यांना ते कळलंच नाही.

वरात आली. मांडवाच्या दारात पुंडलिकराव हार घेऊन उभे, शेजारी मी नारळ घेऊन. बँड परका होता आणि त्यातला क्लॅरिनेटवाला निम्मे सूर गिळत होता. बघतो तर पुंडलिकरावांचे ओठ मिटलेले आणि गळा भराभर हलतोय. गडी शब्द पाळत होता. अख्खी चाल तोंडातल्या तोंडात चालली होती आणि हार तसाच हातात राहिला होता. व्याह्यांना वाटलं, हे काही स्तोत्र म्हणताहेत. त्यांनी टोपी सरळ केली, हात जोडले आणि डोळे मिटले. त्यांचं पाहून मागची सगळी वरात हात जोडून उभी राहिली. मला हसू आवरेना आणि खरं सांगतो, डोळेही भरून आले. शोभा खिडकीतून बघत होती. बापाच्या गळ्याकडे बघून तिला प्रत्येक सूर कळत असणार.

पाठवणीच्या वेळी मोटारीपाशी ती त्यांना बिलगली. बायकांनी पदर डोळ्यांना लावायची तयारी केली होती.

"बाबा, शेवटच्या ओळीत तुमी घाई केली," शोभा म्हणाली.

पुंडलिकरावांनी मान खाली घातली. "तुही वरात दारात पाह्यली वं पोरी, अन् जीभ पुढंपुढं पयाली. आता मले कोन थांबवन?"

मोटार तशीच उभी राहिली. व्याही शेजारीच होते. निघा आता म्हणायचं सोडून त्यांनीच ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.